मुसाफिर बाईने नमाज कुठे पढावी?

रमजानच्या महिन्यात मशिदी भरून जातात. एरवी फक्त जुम्याला दिसणारे चेहरे या महिन्यात पाचही वक्त दिसू लागतात. तरावीहला जागा अपुरी पडते, वर्गणी जमते, नवे गालिचे अंथरले जातात, भिंतींना रंग लागतो. ही सगळी तयारी गावात राहणाऱ्या माणसासाठी असते आणि ती व्हायलाच हवी. पण जो वाटेवर आहे, एसटीत आहे, फाट्यावर गाडीची वाट पाहत उभा आहे, त्याच्या नमाजसाठी आपण काय करतो, असे फारसे कुणी विचारत नाही. आणि वाटेवरचा तो माणूस म्हणजे एखादी बाई असेल, तर हा विषय निघतच नाही. आज तो काढायचा आहे.

भोर आणि वेल्हे हे डोंगरातले तालुके. वेल्ह्याला सरकारदरबारी आता राजगड तालुका म्हणतात, लोकांच्या तोंडात अजून वेल्हेच आहे. पश्चिमेला सह्याद्रीची रांग आणि पूर्वेला पुणे-सातारा महामार्ग. कॉलेज, मोठा दवाखाना, नोकरी, लग्नाची खरेदी, या सगळ्यासाठी इथल्या माणसाला महामार्गाकडे तोंड करावे लागते. वेल्ह्याचा माणूस मार्गासनीवरून चेलाडी फाट्यावर येतो, भोरचा कापूरहोळला येतो. तिथून पुढे खेड शिवापूर, कात्रज, स्वारगेट. मुसलमानांची वस्ती या भागात तुरळक. भोर शहरात मोहल्ला आहे, पण खेड्यापाड्यांत मुलाणी, तांबोळी, आतार, शेख यांची एक-दोन घरे. बऱ्याच गावांत मशीद नाही. जुम्याच्या नमाजला जायचे म्हटले तरी प्रवास ठरलेला. थोडक्यात, इथल्या मुसलमानाची नमाज आणि प्रवास या दोन गोष्टी वेगळ्या काढताच येत नाहीत.

आपल्या धर्माने प्रवाशाचा विचार किती बारकाईने केला आहे, हे आधी पाहू. लांबच्या सफरीला निघालेल्या माणसाची नमाज आखूड होते. जोहर, असर आणि इशा यांच्या चार फर्ज रकातींच्या जागी दोनच पढायच्या. फजरच्या दोन आणि मगरिबच्या तीन रकाती तशाच राहतात. याला कस्र म्हणतात आणि त्याचा आधार कुरआनच्या सूरह निसामध्ये आहे. पाणी मिळाले नाही किंवा पाण्याने आजार वाढण्याची भीती असेल, तर वुजूऐवजी स्वच्छ मातीवर हात फिरवून तयम्मुम करता येते. मशीद नसेल तर कोणतीही पाक जमीन चालते. प्रवाशावर जुम्याची नमाज बंधनकारक नाही. आणि रमजानचा रोजा? प्रवासात तो सोडून पुढे दुसऱ्या दिवशी ठेवण्याची मुभा आहे, तीही कुरआनमध्ये, रोजे फर्ज करणाऱ्या आयतींच्या सोबतच.

या सवलतीचे तपशील ठरवताना फिकहच्या इमामांनी थोडे वेगळे हिशेब मांडले. आपल्या देशावरचे बहुतेक मुसलमान हनफी, घाटाखाली कोकणातले शाफई. भोरहून वरंध घाट उतरून महाडकडे गेलात की मसलक बदलतो. हनफी हिशेबात साधारण ७७-७८ किलोमीटरच्या पुढची सफर ही सफर, आणि मुक्काम पंधरा दिवसांपेक्षा कमी असेल तर माणूस मुसाफिरच राहतो. शाफई मसलकात ही मुदत चार दिवसांची आहे, पण त्यात प्रवासात जोहर-असर आणि मगरिब-इशा एकत्र पढण्याची सोय आहे. हनफी मतात असे एकत्रीकरण हजच्या वेळी अरफात आणि मुजदलिफा इथेच होते. असरची वेळसुद्धा दोन्हीकडे वेगळी. वस्तूची सावली तिच्या एवढी झाली की शाफईंची असर सुरू होते, दुप्पट झाली की हनफींची. त्यामुळे घाटावरून निघालेल्याला कोकणातल्या मशिदीत असरची अजान पाऊणएक तास आधीच ऐकू येते. यात गोंधळ काहीच नाही. एकाच दीनमध्ये मुलूख, माणूस आणि परिस्थिती यांना जागा आहे, एवढेच यावरून दिसते.

हनफी मसलकातली एक गोष्ट मला फार महत्त्वाची वाटते. कस्र ही घ्यायची तर घ्या, नको तर सोडा अशी ऐच्छिक सूट तिथे नाही. मुसाफिराने स्वतःहून फर्ज नमाज पढताना दोनच रकाती पढायच्या. "माझ्यात ताकद आहे, मी चार पढतो" असे म्हणणे पसंत केले गेलेले नाही. अल्लाहने दिलेली सवलत नाकारण्यात बडेजाव नाही. ती घेणे हीच आज्ञा पाळणे आहे.

रोजाच्या बाबतीतही असाच एक प्रसंग हदीसमध्ये आहे. हिजरी सन ८ मध्ये, म्हणजे इसवी सन ६३० मध्ये, रमजान महिन्यातच पैगंबर साहेब मक्केच्या मोहिमेवर निघाले होते. लोकांना रोजा जड जातोय हे कळल्यावर त्यांनी सर्वांना दिसेल असे पाणी मागवून घेतले आणि प्याले. त्यानंतरही काहींनी हट्टाने रोजा चालूच ठेवला, हे कानावर आले तेव्हा त्यांनी त्या लोकांचे कौतुक केले नाही. त्यांना आज्ञा मोडणारे ठरवले. उन्हातान्हात मालट्रक चालवणारा आपला एखादा तरुण चक्कर येईपर्यंत रोजा ओढतो आणि घरचे त्याचे कौतुक करतात, तेव्हा हा प्रसंग आठवायला हवा. त्याच्या हातात स्टीअरिंग असते आणि समोरून येणाऱ्यांचे जीवही असतात.

कस्रच्या आयतीला लागूनच जी आयत येते, तिच्यात युद्धाच्या भीतीत नमाज कशी पढावी ते सांगितले आहे. एका तुकडीने इमामामागे उभे राहायचे, दुसरीने हत्यारे घेऊन पहारा द्यायचा, मग जागा बदलायच्या. नमाज सुटत नाही आणि पहाराही सुटत नाही. रोजच्या जगण्यातले नमाजचे स्थान मला या एका चित्रात सगळ्यात स्पष्ट दिसते. नमाज कामातून पळ काढण्यासाठी नाही. भातलावणीच्या दिवसांत चिखलात उभी असलेली बाई, दवाखान्यात ड्यूटीवर असलेली नर्स, परीक्षेच्या हॉलमध्ये देखरेख करणारा शिक्षक, यांनी काम उघड्यावर टाकून जायचे नाही, आणि कामाच्या नावाखाली नमाजही टाकायची नाही. प्रत्येक वक्तला सुरुवात आणि शेवट यांच्यामध्ये पुरेसा अवधी ठेवला आहे, तो याचसाठी. दिवसातून पाच वेळा हातातले काम खाली ठेवायचे, तोंड-हात-पाय धुवायचे आणि आपल्यापेक्षा मोठे कुणीतरी आहे हे आठवायचे. राग, हाव, घाई यांच्या मध्ये पाच थांबे. एसटीला जसे थांबे असतात तसे. थांबा नसलेली गाडी जलद वाटते, पण ती कुणाला घेत नाही आणि कुणाला उतरवत नाही.

प्रवासाच्या नमाजमध्ये दुसऱ्यांचाही विचार आहे. मुसाफिर इमाम झाला आणि मागे गावकरी असतील, तर तो दोन रकातींवर सलाम फेरतो आणि गावकरी उठून आपल्या चार पूर्ण करतात. उलट मुसाफिर गावच्या इमामामागे उभा राहिला, तर त्यालाही चारच पढाव्या लागतात. परगावी गेल्यावर तिथली रीत सांभाळायची, हा साधा शिष्टाचार फिकहने नमाजमध्येही आणून ठेवला आहे. हाच शिष्टाचार पुढे नेला, तर गाडीच्या मधल्या वाटेत मुसल्ला अंथरून दहा प्रवाशांना अडवणे, चालत्या रस्त्यावर सफ लावणे, ड्रायव्हरशी "आत्ताच गाडी थांबवा" म्हणून वाद घालणे, या गोष्टी कशात बसतात ते वेगळे सांगायला नको. लोकांच्या वाटेतला काटा उचलणे हा ज्या धर्मात ईमानचा भाग मानला आहे, त्या धर्माची नमाज लोकांची वाट अडवू शकत नाही.

इथवर जे लिहिले ते जुम्याच्या बयानमध्ये अधूनमधून ऐकायला मिळते. यापुढचे मिळत नाही.

वर सांगितलेली कस्र, रोजाची मुभा, हे सारे लांबच्या सफरीसाठी आहे. भोरहून पुणे पन्नासेक किलोमीटर. वेल्ह्याहूनही ते सफरच्या हद्दीच्या आतच राहते. म्हणजे रोज किंवा आठवड्यातून दोन-तीनदा पुण्याला जाऊन येणारा आपल्या भागातला माणूस हनफी हिशेबाने मुसाफिर ठरत नाही. त्याची नमाज पूर्ण, त्याचा रोजा पूर्ण. गाडीच्या सीटवर बसल्या बसल्या, किबल्याकडे तोंड न करता पढलेली फर्ज नमाज हनफी उलमा पुरेशी मानत नाहीत. अगदी नाइलाज असेल तर इशाऱ्याने पढावी आणि नंतर दोहरावी, असे सांगतात. म्हणजे या रोजच्या प्रवाशाला सवलत नाही, जागा हवी. दोन हात लांब स्वच्छ जमीन आणि वुजूपुरते पाणी.

पुरुषाला ती जागा मिळते. महामार्गाच्या कडेला, मोठ्या गावात, बाजारपेठेत कुठे ना कुठे मशीद असते. गाडी थांबली की तो उतरतो, नळावर वुजू करतो, पाच-सात मिनिटांत नमाज पढून परत येतो. त्याच गाडीतली त्याची बायको, आई, बहीण सीटवर बसून राहते. तिने काय करायचे, असे तिला कुणी विचारत नाही. ती घरी पोचल्यावर कजा पढते. आपल्या समाजातल्या हजारो बायकांच्या प्रवासाचा हा ठरलेला शिरस्ता आहे आणि तो इतका अंगवळणी पडला आहे की त्यात काही चुकते आहे असे कुणाला वाटत नाही.

एका दिवसाचा हिशेब मांडून पाहू. सध्या रमजान उन्हाळ्याच्या तोंडावर येतो. मगरिब साडेसहानंतर होते आणि तिचा वक्त जेमतेम सव्वा तासाचा. पुण्यात शिकणारी वेल्ह्याकडची एखादी मुलगी संध्याकाळी साडेपाचच्या सुमाराला स्वारगेटहून निघाली, तर कात्रज आणि महामार्गाची गर्दी ओलांडून, फाट्यावर दुसरी गाडी धरून घरी पोचायला तिला आठ वाजतात. पर्समधल्या खजुरावर आणि घोटभर पाण्यावर ती गाडीतच रोजा सोडते. शेजारच्या सीटवरची मावशी बहुतेक वेळा स्वतःहून पाण्याची बाटली पुढे करते, "सोड बाई उपास, वेळ झाली ना?" म्हणते. रोजा सुटतो. मगरिब मात्र चेलाडी फाट्यावर सरते. तिथे ती मुलगी दुसऱ्या गाडीची वाट पाहत दहा-पंधरा मिनिटे उभी असते. नमाजला पाच मिनिटे पुरतात. पण ती पाच मिनिटे कुठे घालवायची, हे तिला माहीत नसते.

मी ज्या कॉलेजात शिकवते, तिथे पहिल्या तासाला बसणाऱ्या मुलींमध्ये पहाटे सहेरी करून निघालेल्या मुली असतात. मुलींचा प्रवास गेल्या काही वर्षांत वाढला, ही आनंदाची गोष्ट आहे. खेड्यातल्या मुलींना बारावीपर्यंत शिक्षणासाठी एसटीचा मोफत पास मिळतो. मार्च २०२३ पासून सगळ्याच बायकांना एसटीत निम्मे तिकीट झाले. त्याचा फायदा आपल्या घरातल्या बायकांनीही घेतला. माहेरी जाणे, दवाखाना गाठणे, नोकरी करणे, शिकणे, हे सगळे थोडे सोपे झाले. सरकारने तिकीट अर्धे केले. आपल्या जमातीने बायकांसाठी काय सोपे केले, याचे उत्तर मला सापडत नाही.

ऑक्टोबर २०२५ मध्ये पुण्याच्या शनिवारवाड्यात काही महिला नमाज पढत असल्याची चित्रफीत सगळीकडे फिरली. आंदोलन झाले, त्या जागी गोमूत्र शिंपडून शुद्धीकरण करण्यात आले, पोलिसांत गुन्हाही नोंदवला गेला. आठवडाभर वर्तमानपत्रांत आणि वाहिन्यांवर तोच विषय होता. संरक्षित स्मारकाचे नियम सगळ्यांसाठी असतात आणि ते सगळ्यांनी पाळले पाहिजेत, याबद्दल माझ्या मनात शंका नाही. आपल्याच तालुक्यातला राजगड जुलै २०२५ मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या यादीत गेला. तिथेही यापुढे नियम अधिक कडक राहतील आणि तसेच व्हायला हवे. दुसरीकडे, कोपऱ्यात शांतपणे सजदा करणाऱ्या बाईमुळे जमीन अपवित्र होते, ही कल्पना मला मान्य नाही. पण या दोन बाजूंचा वाद भरपूर झाला. त्या गदारोळात आपल्या समाजाने स्वतःला विचारायला हवा होता तो प्रश्न राहूनच गेला. त्या महिला कोण होत्या, तिथे का थांबल्या, हे मला ठाऊक नाही आणि त्याची चर्चाही करायची नाही. पण शहरात कामाला किंवा फिरायला आलेल्या बाईला जोहर किंवा असरची वेळ झाली, तर किती मशिदींचे दार तिच्यासाठी उघडे असते? शनिवारवाड्यापासून चालत जाण्याच्या अंतरावर मशिदी आहेत. तिथे पुरुष कधीही जाऊ शकतो. बाईला तेच म्हणता येते का? बाहेरच्यांनी केलेल्या अपमानाचा निषेध आपण केला. आपणच बंद ठेवलेल्या दाराबद्दल बोललो नाही.

दार बंद ठेवायला धर्माचा आधार आहे, असे अनेकांना वाटते. पुण्यातल्याच एका मुस्लिम दाम्पत्याने २०१९ मध्ये मशिदीत महिलांना प्रवेश मिळावा म्हणून सर्वोच्च न्यायालयात याचिका केली. २०२० मध्ये ऑल इंडिया मुस्लिम पर्सनल लॉ बोर्डाने शपथपत्र दाखल केले. इस्लाम महिलांना मशिदीत नमाज पढायला मनाई करत नाही, हे बोर्डाने त्यात मान्य केले. जमातीत येणे त्यांच्यावर बंधनकारक नाही, एवढा फरक. उलमांची ही संस्था उदारमतवादी म्हणून ओळखली जात नाही. तरीही तिला हे लिहून द्यावे लागले, कारण याच्या उलट लिहिण्याजोगा आधार नव्हता. पैगंबर साहेबांच्या काळात मदिनेच्या मशिदीत बायका नमाजला येत, फजर आणि इशालाही येत. अल्लाहच्या बायाबांदींना अल्लाहच्या मशिदींपासून रोखू नका, अशा आशयाची हदीस प्रसिद्ध आहे. हजरत उमर यांना त्यांच्या पत्नीचे मशिदीत जाणे फारसे रुचत नसे, तरी त्यांनी तिला रोखले नाही, कारण ही शिकवण त्यांना माहीत होती. हजरत उमर यांनी जे दार बंद केले नाही, ते आपण बंद ठेवून बसलो आहोत.

या म्हणण्यावर येणारे आक्षेप मी अनेकदा ऐकले आहेत आणि त्यांना उत्तर देणे भाग आहे.

पहिला आक्षेप असा की बाईची नमाज घरातच उत्तम. तशी हदीस आहे, ती मी नाकारत नाही. पण प्रवासातली बाई घरात नसते, म्हणून तर ती मुसाफिर. तिच्यापुढे घर की मशीद अशी निवड नसते. मशीद की फाट्यावरचा रस्ता, अशी असते. नाही तर नमाज कजा. या तिन्हींत काय उत्तम, हे सांगायला मोठ्या आलिमची गरज नाही.

दुसरा आक्षेप पर्द्याचा. बायका मशिदीत आल्या तर गर्दी, सरमिसळ, फितना होईल. पण स्वतंत्र दार, वेगळा नळ आणि मधे पडदा असलेली एक खोली केली तर सरमिसळ कुठून होईल? उलट आज ती बाई रस्त्याच्या कडेला, टपरीच्या मागे, पेट्रोल पंपाच्या आडोशाला आणि शंभर नजरांसमोर जागा शोधत फिरते. पर्द्याची खरोखर काळजी असणाऱ्याने तर सगळ्यात आधी ही खोली बांधावी. सौदी अरेबिया आणि अमिरातीत महामार्गावरच्या पेट्रोल पंपांवर पुरुष आणि बायका यांच्या नमाजच्या खोल्या शेजारी-शेजारी असतात. आपले लोक उमऱ्याला जातात, तिथे बायको-मुलींना घेऊन हरममध्ये आणि वाटेतल्या मशिदींत नमाज पढतात आणि इकडे परत आले की त्याच बायको-मुलींना गाडीत बसवून ठेवतात. फार लांब जायचे नसेल तर केरळकडे पाहावे. तिथे अनेक मशिदींत प्रवासी महिलांसाठी अशी सोय केलेली दिसते.

तिसरा आक्षेप पैशाचा आणि जागेचा. लहान गावातली मशीद, उत्पन्न थोडे, जागा अपुरी. हे खरे आहे. पण मी नवी इमारत मागत नाही. मशिदीच्या आवारात मदरशाची खोली असते, ती दुपारी रिकामी असते. सामानाची खोली असते. व्हरांड्याचा कोपरा असतो, त्याला पत्रा आणि पडदा लागू शकतो. दहा बाय दहाची जागा, एक नळ, आतून लागणारी कडी असलेले एक स्वच्छतागृह, दोन चटया, किबल्याचा बाण आणि बाहेर मराठी-उर्दूत एक पाटी: "प्रवासी महिलांसाठी नमाजची जागा". पाटी सगळ्यात महत्त्वाची. परगावच्या बाईला कुणा पुरुषाला विचारावे लागू नये, दार कुठे आहे ते तिला वाचून कळावे. या महिन्यात झुंबर आणि रोषणाईवर जे खर्च होतात, त्यातले थोडे पैसे यासाठी पुरतील. बांधकामाला जकातीचा पैसा चालत नाही, तो गरजूच्या हातातच पडला पाहिजे, हे खरे. पण सदका, लिल्लाह आणि वर्गणी यांना ती अट नाही. आणि जकातीचेच म्हणाल, तर कुरआनने तिचे जे आठ हकदार सांगितले, त्यांत अडचणीत सापडलेल्या मुसाफिराचा समावेश आहे. अल्लाहने वाटसरूचे नाव त्या यादीत घातले, यावरून त्याचे स्थान ओळखावे.

वाटसरूसाठी दार उघडणे ही आपली जुनी परंपराही आहे. मुंबईत क्रॉफर्ड मार्केटजवळचा साबू सिद्दीक मुसाफिरखाना अशाच विचारातून उभा राहिला. आणि ही परंपरा एकट्या मुसलमानांची नाही. आपल्या भोर तालुक्याच्या डोंगरांत उगम पावलेली नीरा पुढे नीरा गावाजवळ पोचते, तिथे आषाढी वारीत माउलींच्या पादुकांना तिच्या पाण्याने स्नान घालतात. त्या वाटेवरच्या गावांत वारीच्या दिवसांत कुणाच्या ओसरीवर, कुणाच्या शाळेत, कुणाच्या पडवीत अनोळखी बायाबापड्या उतरतात, हरिपाठ म्हणतात, अंग टेकतात. कुठून आलात, कोणत्या जातीचे, असे कुणी विचारत नाही. चालणाऱ्याच्या भक्तीची सोय करणे हे पुण्याचे काम, हे या मातीला शिकवावे लागत नाही. देहूहून निघालेली तुकोबांची पालखी अनगडशाह बाबांच्या दर्ग्यापाशी थांबते, तेव्हा तीही हेच सांगत असते.

म्हणून माझ्या हिंदू शेजाऱ्यांनाही एक विनंती. एखादी बाई कॉलेजच्या रिकाम्या वर्गात, दवाखान्याच्या कोपऱ्यात किंवा शेताच्या बांधावर पाच मिनिटे नमाज पढताना दिसली, तर तिच्याकडे मोबाइल रोखू नका. ती कुणाची जागा बळकावायला आलेली नसते. इथल्या खेड्यांत हे सांगावे लागत नाही. मुलाणीण चाचीला असरच्या वेळी "आमच्या पडवीत पढा, इथं सावली आहे" म्हणणारी घरे मी पाहिली आहेत. पण मोबाइलवरच्या चित्रफिती बघून वाढलेल्या पिढीला हे सांगायची वेळ आली आहे, हेही खरे.

मुख्य जबाबदारी मात्र आपली आहे. दुसऱ्याच्या पडवीतल्या सावलीवर आपण किती दिवस विसंबणार? पुढच्या काही दिवसांत ईदच्या नमाजची वेळ ठरवायला, चंदा-वर्गणीचा हिशेब मांडायला मशिदींचे ट्रस्टी आणि जमातीतले जाणते लोक एकत्र बसतील. त्या बैठकीत हा एक विषय ठेवावा. भोर, कापूरहोळ, चेलाडी, खेड शिवापूर, जिथे जिथे आपल्या भागातल्या वाटा एकमेकींना मिळतात, त्या परिसरातल्या निदान एका मशिदीने महिलांसाठी खोली उघडावी. बैठकीत बायकांना बोलवणे जमत नसेल, तर ट्रस्टींनी निघण्याआधी घरातल्या बायकोला, मुलीला एवढेच विचारावे की प्रवासात तुझ्या किती नमाजी कजा होतात. तिचे उत्तर बैठकीत जसेच्या तसे सांगावे. बाकीचा युक्तिवाद करायची गरज पडणार नाही.

अल्लाहने मुसाफिराच्या चार रकातींच्या दोन केल्या. आपण निदान एक दार उघडू शकतो.